निर्मळी

“…आणि ही?”

“कौलारी.”

“कशावरनं?”

“पंखावर कौलांसारख्या ओळी आहेत आणि शेवटची ओळ मध्येच तुटलीय. अखंड असती तर पन्हाळी म्हटलं असतं.”

“ही?”

“शेंदरकाठी.”

“बरं. आणि ती वरची, कोपऱ्यातली?”

वनितानं मान वर केली. कोपऱ्यातलं पाखरू तांदळाच्या दाण्याहून मोठं नव्हतं. हेमपुरी बाबांनी खोडी काढायची म्हणूनच नेमकं ते निवडलं होतं.

“घुंगरी,” ती म्हणाली. “पंखाच्या टोकाला बारीक काळ्या ठिपक्यांची माळ आहे. दिसत नसेल तर जरा पुढं या, बाबा.”

वनिता चौगुलेची बोलायची रीत ही अशी होती. तिला येत होतं, आणि आपल्याला येतं हेही तिला पक्कं माहीत होतं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकून ती चार दिवसांसाठी म्हणून मठात आली आणि राहिली ती राहिलीच. घरच्यांनी स्थळं आणली, तिनं ती आल्या पावली परत पाठवली. आईनं डोळ्याला पदर लावला, तरी ही ढिम्म.

दिवेटेकडीच्या मठाला ना मोठं शिखर, ना दीपमाळ. जे काय आहे ते मागच्या भिंतीत. चुन्यानं पांढरी केलेली साधी भिंत. तिच्यावर काचेचा कंदील रात्रभर तेवत असतो आणि उजाडता उजाडता ती भिंत बारीक बारीक पतंगांनी भरून गेलेली असते. थोरल्या महाराजांनी ही पाखरं ओळखायला सुरुवात केली. पंखावरची रेघ, ठिपका, काठ, वेलांटी बघून त्यांनी एकेकाला नाव दिलं. त्यांच्यामागं हेमपुरी बाबांनी त्याच भिंतीसमोर केस पिकवले.

पतंग जशी दिव्यावर झेप घेतो तशी भक्तानं देवावर घ्यावी, असं एखादा पाहुणा डोळे ओले करून सांगू लागला की बाबा उठून सरळ गोठ्यात जात. ‘दिव्याला काच बसवायची अक्कल न्हाई, आणि पाखराच्या मरणाची कवनं करत्यात,’ असं गाईला सांगत.

ऊन भिंतीवर आलं की बुलबुल येतात, कोतवाल येतात. त्यांना ती भिंत म्हणजे वाढलेलं ताट. म्हणून त्याआधी पाखरं उचलायची, हा थोरल्यांनी घालून दिलेला नेम होता. फडकं नाही, भांडं नाही, उघड्या हातानं. जिवाला जिवाचाच आधार द्यायचा. ओंजळीत धरून करवंदीच्या जाळीपाशी न्यायचं, डोळे मिटायचे आणि मग ओंजळ उघडायची. आपण दिलेलं आपण बघू नये, नाहीतर देणाऱ्याच्या डोक्यात वारं शिरतं, असं थोरले म्हणत.

आज त्याच थोरल्यांची पुण्यतिथी होती. खालून टेकडीच्या वाटेनं माणसं वर चढत होती. बायकांच्या डोक्यावर नैवेद्याच्या पाट्या होत्या, कुणाच्या तरी हातातले टाळ वाजत होते. भिंतीपुढं शिसवी पाट मांडला होता. त्या पाटावर आजवर थोरले बसले आणि मग बाबा. आज बाबा उठणार होते आणि वनिता बसणार होती. बसून तिनं जमलेल्या लोकांना भिंतीवरची पाखरं एकेक करून सांगायची आणि सगळ्यात शेवटी निर्मळी दाखवायची. मग लोक हात जोडणार, आणि भिंत तिची होणार.

तिला तो पाट हवा होता. खोटं कशाला बोला, जीव टाकून हवा होता.

“झालं का तुमचं?” मठाची व्यवस्था बघणारे अंतूअण्णा हार घेऊन आले. “मंडळी पायऱ्यांशी आल्यात.”

“एकच ऱ्हायली,” बाबा म्हणाले. ते पाटावरून किंचित वाकले आणि त्यांनी हाताच्या उंचीवर बसलेल्या एका राखी पाखराकडं बोट केलं. “ही?”

वनितानं पाखरावर नजर रोखली.

“अगं, बोल की.”

ते पाखरू अंगानं बारीक, रंगानं चुलीतल्या राखेसारखं. पंखावर एक नागमोडी रेघ, बाकी काही नाही. अंतूअण्णांनी हारासकट हात जोडले. निर्मळी! जगात दुसऱ्या कुठल्या दिव्यावर ती येत नाही, फक्त इथं येते. खालच्या एसटी स्टँडच्या दिव्यावर तिची बहीण शोभेल अशी टिकली नावाची जात येते. तोच राखी रंग, तीच नागमोडी रेघ, पण दोन्ही पंखांवर एकेक काळी टिकली. निर्मळीला ती नाही. तिला डागच नाही. थोरल्यांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं होतं, असं सांगतात. अवघी पंचक्रोशी आज तिच्यासाठी डोंगर चढत होती.

“टिकली,” वनिता म्हणाली.

अंतूअण्णांना वाटलं, पोरीला झोप अनावर झालीय.

“नीट बघ,” बाबा म्हणाले. “टिकली कुठं हाय तिच्या पंखावर?”

“पुसली गेलीय.”

“कुणी पुसली?”

“आपण.”

खालचे टाळ ऐकू येत होते. बाबांनी पाटावर मांडी बदलली.

“सांग,” ते म्हणाले.

“टिकली म्हणजे रंग नाही, बाबा. पंखावर जी पूड असते तिचा तो उभा पुंजका आहे, गालिच्याच्या लोकरीसारखा वर आलेला. हात लागला की सगळ्यात आधी तोच जातो. आपण रोज सकाळी यांना ओंजळीत धरतो. ती आत फडफडतात. टिकली आपल्या हाताला लागते, आणि पाखरू रात्री पुन्हा कंदिलावर येतं ते निर्मळी होऊन.”

“कशावरनं?”

“परवा एक टिकली उचलली मी. डाव्या पंखाची कड चिमणीनं चोच मारल्यासारखी तुटलेली होती. काल तीच भिंतीवर होती. तीच तुटकी कड. टिकली नव्हती.”

“कड तुटलेली दोन पाखरं असत्यात.”

“असतात. म्हणून मी लगेच बोलले नाही. पण गेल्या पावसाळ्यात तुम्ही तापानं पडला होता आणि मी घरी गेले होते, आठवतं? पाखरं उचलायला कुणी नव्हतं. तेवढे दिवस निर्मळी आली नाही.”

“निर्मळी रुसली व्हती तवा,” अंतूअण्णा मध्येच म्हणाले. त्यांनी तर तेव्हा नारळही फोडला होता.

“रुसली नव्हती. तिला कुणी हात लावला नव्हता.” वनिताचा आवाज चढला. “एसटी स्टँडवर ती का नाही? कारण तिथं कुणाला दया येत नाही. निर्मळी म्हणून पाखरूच नाही. ती देवानं नाही केली, आपण केलीय.”

अंतूअण्णांच्या हातातला हार खाली आला.

“पोरी,” बाबा हळू बोलले, “थोरल्यांनी जलम काढला या भिंतीम्होरं. त्यास्नी दिसलं न्हाई, ते तुला दिसलं?”

आता इथं एखादी शहाणी मुलगी मान खाली घालून गप्प बसली असती. पण वनिताला शहाणपणाचा तो प्रकार कधी जमलाच नाही.

“दिसणार कसं?” ती म्हणाली. “ओंजळ उघडताना त्यांचे डोळे मिटलेले असायचे.”

वाऱ्यावर चुलाण्याचा धूर आला. बाबांचा चेहरा ओढल्यासारखा झाला. आपण म्हाताऱ्याच्या वर्मी घाव घातला हे वनिताला कळलं. पण बोललेलं तिनं मागं घेतलं नाही.

अंतूअण्णा तिच्याजवळ आले. माणूस वाईट नव्हता. मठाचं छप्पर, गाईची वैरण, प्रसादाचे तांदूळ, सगळं तोच बघत होता.

“हे बघ, बाळ,” ते कुजबुजले, “आजच्या दिस म्हण निर्मळी. पाटावर बस. भिंत तुझी झाली की मग काय ते हळूहळू सांग लोकास्नी. तुझा शब्द मग कोण मोडतंय?”

“आज म्हटलं तर उद्या नाही म्हणायला तोंड कुठलं आणू, अण्णा?”

“अगं पण लोकं…”

“न्हाई म्हणजे न्हाई!” रागावली की तिची कॉलेजातली भाषा अशी गळून पडायची. “ही टिकली हाय. पाटावर बसून बी टिकली, पाटाखाली बसून बी टिकलीच. नसंल द्यायचा तर नका देऊ पाट!”

म्हणाली खरं, पण म्हणताना तिचे डोळे भरले. त्या पाटासाठी तिनं काय काय सोडलं होतं, ते तिचं तिला ठाऊक. आता सगळ्यावर पाणी पडणार असं दिसत होतं.

बाबांनी भिंतीवरून नजर फिरवली.

“उचल,” ते म्हणाले. “ती बघ, ताजी टिकली बसलीया कंदिलाच्या खिळ्यापाशी. दोन्ही टिकल्या शाबूत हायत. उचल आणि दाखव मला.”

वनितानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

“मी हात लावणार नाही.”

“गुरू सांगतोय.”

“सांगू द्या. पुसली जाते हे कळल्यावर मी पुसणार नाही. एकीचीही नाही.”

“मग मी कसं मानू?”

“नका मानू.”

अंतूअण्णांनी कपाळाला हात लावला. गुरूला ‘नका मानू’ म्हणणारी शिष्या त्यांनी आजवर पाहिली नव्हती. अशीला पाटावर बसवायला निघालो होतो आपण!

बाबा मात्र उठले. गुडघ्यांवर हात टेकवून, सावकाश. खिळ्यापाशी गेले. सकाळी सकाळी आयुष्यभर केलं तेच केलं त्यांनी. तळहात भिंतीला लावून पाखराला अलगद ओंजळीत घेतलं. कुणी त्यात चूक काढावी असं काही नव्हतं. अंड्यावर कोंबडी बसावी इतक्या हळुवारपणे त्यांचे हात मिटले होते.

जाळीपर्यंतची वाट ते नेहमीसारखे चालले. वनिता मागून गेली. जाळीपाशी ते थांबले आणि सवयीनं त्यांचे डोळे मिटले.

“डोळे उघडा, बाबा,” वनिता म्हणाली.

…

“डोळे उघडा.”

ओंजळ आधी उघडली. डोळे त्यानंतर.

पाखरू लगेच उडालं नाही. बाबांच्या अंगठ्यावर चढून बसलं आणि त्यानं पंख पसरले. उजव्या पंखावर टिकली नव्हती. डावीकडं अर्धी उरली होती.

बाबांनी ते पाखरू पाहिलं. मग पाखरू करवंदीत गेलं आणि त्यांनी आपला उजवा तळहात पाहिला. हाताच्या रेघांत करडी-काळी पूड भरली होती. घासली तर जाईल अशी, फुंकली तर उडेल अशी. रोज ती तिथं भरत असणार, आणि रोज अंघोळीच्या पाण्याबरोबर जात असणार.

वनिताला वाटलं होतं, आपण जिंकू तेव्हा बरं वाटेल. तसं काही झालं नाही. म्हातारा हात तसाच पुढं धरून उभा होता. त्यांना धरावं, काहीतरी बोलावं, असं तिच्या फार मनात आलं. पण ‘चुकलं’ असं तिला म्हणता येईना, कारण तिचं चुकलं नव्हतं.

“थोरल्यांच्या बी हातावर असंल हे,” बाबा म्हणाले.

“असणार.”

“रडले व्हते ते. निर्मळी बघून.”

बाबांनी तळहात उन्हाकडं धरला.

“आपल्याच हातानं पुसलेली बघून.”

एवढ्यात मागं फडफड झाली. पहिला बुलबुल आला होता. त्यानं भिंतीवरून एक शेंदरकाठी उचलली आणि तो उंबरावर जाऊन बसला. ऊन कंदिलापर्यंत उतरलं होतं.

बाबा गर्रकन वळले. “बघितलंस? हात लावायचा न्हाई म्हणतीस. मग ह्यास्नी खाऊ द्यायचं?”

“नाही.”

“मग?”

वनितानं फणसाचं एक पान तोडलं, गवताची एक काडी घेतली आणि ती भिंतीपाशी गेली. पान कौलारीच्या पुढ्यात धरलं. काडीनं तिच्या मागं हलकेच भिंत टोकरली. कौलारी विचारात पडली. मग एक पाय पुढं, मग दुसरा, असं करत आपण होऊन पानावर चढली.

फार वेळ लागत होता. बाबांच्या ओंजळीनं तेवढ्यात अर्धी भिंत रिकामी झाली असती. वनिता कौलारी जाळीत सोडून परत येते तोवर बुलबुलानं आणखी एक पाखरू नेलं. ती त्याच्यावर ओरडली. तो हलला नाही. तिनं दात ओठ खाल्ले आणि पान दुसऱ्या पाखरापुढं धरलं.

बाबा बघत होते. नंतर त्यांनी एका हातानं कशीबशी करवंदीची फांदी मोडली आणि ते भिंतीपाशी जाऊन बुलबुलांना हाकलत उभे राहिले. उजवा हात त्यांनी छातीशी धरला होता. त्या हातानं ते काही करेनात.

“बाबा,” अंतूअण्णा रडकुंडीला आले, “मंडळी दारात आली. भिंत रिकामी व्हाया लागलीया. आन् पाटावर कोण बसणार, ते तरी सांगा!”

बाबांनी फांदी खाली ठेवली. पाटापाशी आले. पाटावरची आपली घोंगडी त्यांनी उचलली, झटकली, आणि लोकांसाठी अंथरलेल्या चटईच्या पहिल्या ओळीत टाकली. त्यावर ते जाऊन बसले.

पाट मोकळा राहिला.

वनितानं पाटाकडं पाहिलं, बाबांकडं पाहिलं. ती बसली नाही. भिंतीवर अजून पाखरं होती.

“बसतीस न्हवं?” बाबांनी विचारलं.

“आधी ही काढते. मग बसते.”

“आणि लोकास्नी काय सांगशील?”

“टिकली.”

बाबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसू होतं की दुसरं काही, हे अंतूअण्णांना शेवटपर्यंत कळलं नाही.

माणसं आत आली. टाळ थांबले. म्हाताऱ्या बायका चटईवर टेकल्या, पुरुष टोप्या सारख्या करत मागं उभे राहिले. बाबा खाली आपल्यात बसलेले पाहून कुजबूज सुरू झाली. एका पोरसवदा सुनेनं भिंतीकडं बघून आधीच हात जोडले. तिच्या मांडीवर लहान मूल होतं, त्याला निर्मळी दाखवायला ती फार लांबून आली होती.

वनितानं भिंतीवरचं शेवटचं पाखरू, एक घुंगरी, पानावर घेतलं आणि जाळीत सोडलं. परत येताना तिचं लक्ष बाबांच्या हाताकडं गेलं. तो अजून तसाच होता, मांडीवर उताणा, रेघांत पूड भरलेली. एवढ्या लोकांत म्हाताऱ्यानं हा असा हात घेऊन का बसावं? ती धावत रांजणाशी गेली, तांब्या भरून आणला आणि त्यांच्यापुढं वाकली.

“हात पुढं करा, बाबा. धुते.”

बाबांनी हात पुढं केला नाही. त्यांनी तो उचलला, सगळ्यांना दिसेल इतका वर, आणि म्हणाले,

“तांब्या ठेव खाली. लोकं निर्मळीच्या दर्शनाला आल्यात.”